वरोऱ्याच्या माळावर आलेले जग

महारोगी सेवा समिती आणि भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद या दोन संस्था जवळपास एकाच वेळी जन्माला आल्या. पहिली १९४९ साली, त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातल्या वरोरा गावात. दुसरी १९५० च्या एप्रिलमध्ये, दिल्लीत. दुसरीच्या मागे देशाचे शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद उभे होते. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाची ओळख जगाला आपल्या संगीताने, नृत्याने, विद्वानांनी करून द्यावी आणि त्यातून इतर राष्ट्रांशी स्नेह जोडावा, असा तिचा हेतू होता. पहिलीच्या मागे होता वकिली सोडलेला एक माणूस, त्याची पत्नी आणि दोन लहान मुलगे. सोबत सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि हाताशी चौदा रुपये. परराष्ट्रांशी संबंध जोडण्याचा विचार या माणसाच्या मनात असण्याचे काही कारण नव्हते. त्याला गावाबाहेर टाकून दिलेल्या माणसांना जगवायचे होते. तरीही पुढच्या काळात जगभरची माणसे या माळावर येत राहिली, राबली, जेवली आणि परत गेली. समितीचा इतिहास आजवर बाबा आमटे आणि त्यांच्या पत्नी साधनाताई यांच्या त्यागाचा इतिहास म्हणून लिहिला गेला, आणि ते योग्यच आहे. स्मरणिकेच्या या लेखात मात्र त्यातला दुसरा धागा उलगडायचा आहे. बाहेरचे जग इथे आले, त्याने इथे काय केले आणि इथून काय नेले, याचा हा धागा आहे.

मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा, यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला झाला. जमीनदाराचा मुलगा, शिकारीचा आणि सिनेमाचा शौकीन, वरोऱ्यात जम बसलेला वकील. नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी मैला वाहणाऱ्यांचे काम स्वतःच्या डोक्यावर घेऊन पाहिले. पावसात भिजत गटाराच्या कडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण त्यांना दिसला, ते घाबरून घरी परतले आणि त्या भीतीनेच त्यांना पुढे अस्वस्थ केले, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन त्यांनी कुष्ठरोगाच्या उपचाराचे शिक्षण घेतले. सरकारकडून वरोऱ्याबाहेरची पन्नास एकर खडकाळ, झुडपांनी भरलेली जमीन मिळाली आणि १९५१ साली विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. विहीर खणायची तीही बोटे झडलेल्या हातांनी. जंगली जनावरांचा वावर होताच.

पण जनावरांपेक्षा अवघड होती ती वरोऱ्याची भीती. त्या काळी १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा देशात लागू होता आणि रुग्णाला समाजापासून वेगळे काढणे हाच त्याचा गाभा होता. डॅप्सोनच्या गोळीने रोग आटोक्यात येऊ लागला होता, तरी माणसांच्या मनापर्यंत ती गोळी पोचायची होती. आनंदवनात भाजीपाला पिकू लागला, दूध निघू लागले. गावकरी ते घेईनात. कुष्ठरुग्णाच्या हातची वांगी कोण खाणार? पिकवता येत होते, पण विकता येत नव्हते. स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा बाबांचा सगळा विचार या एका गोष्टीपाशी अडत होता. दान नको, काम हवे, हे म्हणायला सोपे. पण केलेल्या कामाला बाजार नसेल तर ते कामही शेवटी दानावरच येते.

नेमक्या त्या दिवसांत, पन्नासच्या दशकात, सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे तरुण आनंदवनात आले. ही संस्था मुळात कशी उभी राहिली हे सांगायला हवे, कारण तिच्या आरंभीच्या अपयशाचा आनंदवनाशी फार जवळचा संबंध आहे. पिएर सेरेझोल हा स्विस अभियंता सैन्यासाठीचा कर भरायला नकार देऊन तुरुंगात गेलेला माणूस. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, फ्रान्समध्ये व्हर्दनजवळच्या उद्ध्वस्त एन नावाच्या गावी त्याने पहिले श्रमशिबिर भरवले. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांतल्या माणसांनी एकत्र येऊन ते गाव पुन्हा बांधावे, ही कल्पना. शिबिरात जर्मन तरुणही होते. काम काही महिने चालले आणि मग थांबले, कारण आसपासच्या लोकांना जर्मन माणसांचे हात आपल्या गावाला लागलेले नको होते. भांडण सैन्याचे नव्हते, सरकारांचे तह होऊन गेले होते. अडले ते शेजाऱ्यांपाशी. पुढे १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा सेरेझोल आपल्या सहकाऱ्यांना घेऊन भारतात आला आणि उत्तर बिहारमध्ये घरे उभारण्याच्या कामात राबला. गांधीजींशी त्याची भेट झाली. हिंदुस्थानातली शिबिरे त्या ओळखीतून सुरू झाली.

वरोऱ्याच्या माळावर आलेले तरुण निरनिराळ्या देशांचे होते. त्यांनी दवाखान्याच्या इमारती बांधल्या. विटा, चुना, पाण्याच्या घागरी, डोक्यावर विदर्भाचे ऊन. ते आनंदवनातच राहिले, आनंदवनाच्या विहिरीचे पाणी प्यायले, तिथल्याच भाजीचे कालवण जेवले, कुष्ठरुग्णांच्या खांद्याला खांदा लावून घमेली उचलली. आणि वरोऱ्याचे लोक हे सारे पाहत होते. इतक्या दूरवरून आलेली गोरी, धडधाकट, शिकलेली मुले या माणसांत मिसळतात, त्यांच्या हातचे खातात आणि त्यांना काही होत नाही, हे गावाने डोळ्यांनी पाहिले. भाजीला गिऱ्हाईक मिळू लागले. दुधाला मिळू लागले. डॉक्टरांनी सांगून जे पटले नव्हते ते शिबिराने पटवले.

ही घटना समितीच्या इतिहासात एखाद्या परिच्छेदात उरकली जाते. मला ती पहिल्या क्रमांकाची वाटते. सांस्कृतिक देवाणघेवाण परराष्ट्र धोरणाचे साधन मानली जाते, तेव्हा हिशेब असा असतो की आपली माणसे तिकडे गेली की तिकडच्यांचे आपल्याविषयीचे मत बदलेल. आनंदवनात स्वित्झर्लंडचे मत काय झाले हे कुणी मोजले नाही. बदलले ते वरोऱ्याचे मत, आणि तेही शेजारच्या माळावरच्या आपल्याच माणसांविषयी. परक्याच्या डोळ्यांनी पाहिल्यावर गावाला आपली माणसे माणसांसारखी दिसली. यात थोडे दुःखही आहे. तुळशीरामाच्या यातनांनी जे झाले नाही ते परदेशी पाहुण्यांच्या जेवणाने व्हावे, हे आपल्या समाजाचे वैगुण्य आहे आणि इतिहास लिहिताना ते झाकू नये.

त्यानंतर आनंदवन वाढत गेले. विणकाम, सुतारकाम, लोहारकाम, पत्र्याचे डबे, शुभेच्छापत्रे, अपंगांसाठीच्या सायकली असे एकेक काम सुरू झाले. साठच्या दशकात आनंद निकेतन महाविद्यालय उभे राहिले, कृषी महाविद्यालय आले, अंधांसाठी शाळा आली. ज्यांच्या हातची भाजी गाव घेत नव्हते, त्यांच्या वस्तीत गावाची मुले कॉलेजला जाऊ लागली. अपंगांना कौशल्य शिकवणारे संधिनिकेतन सुरू झाले. मूळचे पोलंडचे आणि व्हीलचेअरवरून जग फिरलेले आर्थर टार्नोवस्की आनंदवनाचे मित्र झाले आणि त्यांनी बाबांच्या कामांसाठी मदत उभी केली. स्वतः चालू न शकणारा माणूस दुसऱ्यांच्या चालण्याची काळजी वाहतो, तेव्हा त्या पैशाला उपकाराचा वास राहत नाही.

१९६७ पासून मूल तालुक्यातल्या सोमनाथला दुसरा अध्याय सुरू झाला. बाबांच्या मनात तिथे श्रमिक विद्यापीठ होते. ते त्या रूपात उभे राहिले नाही. पण दर मे महिन्यात भरणारी श्रमसंस्कार छावणी मात्र महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना घडवून गेली. चंद्रपूरचा मे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या उन्हात पहाटे उठून खोदकाम करायचे, दुपारी भाषणे ऐकायची आणि वाद घालायचे, रात्री गाणी म्हणायची. सर्व्हिस सिव्हिलच्या शिबिराचा साचा आणि आपल्या वारीचा जिव्हाळा इथे एकत्र आला असे मला वाटते. परदेशातून घेतलेली रीत इतकी मराठी होऊन गेली की तिचे मूळ कुठले हे छावणीत येणाऱ्या मुलाला आता सांगावे लागते.

याच छावण्यांच्या वातावरणातून भामरागडची वाट फुटली. २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. हा भाग आज ज्या गडचिरोली जिल्ह्यात आहे तो जिल्हा तेव्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीच्या संगमाजवळचा हा मुलूख पावसाळ्यात महिनोन् महिने तुटलेला असे. वीज नव्हती, रस्ता नव्हता. बाबांचे चिरंजीव डॉ. प्रकाश, त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी आमटे आणि त्यांचे सोबती तिथे गेले तेव्हा तिथली माडिया आदिवासी माणसे त्यांना पाहून जंगलात पळत. इथे पाहुणे आपण होतो. वरोऱ्याच्या माळावर परदेशी तरुणांनी जे केले तेच आता या मंडळींना करायचे होते. परक्या लोकांत जायचे, त्यांच्या अटींवर राहायचे, त्यांचे बोलणे शिकायचे. त्यांनी माडिया शिकून घेतली. समोरच्या माणसाच्या अंगावर पुरते वस्त्र नाही म्हणून प्रकाशभाऊंनी पूर्ण कपडे सोडले आणि बनियन-अर्धी चड्डी हाच कायमचा वेष केला. देशोदेशीच्या दूतावासांत शिष्टाचाराचे शिक्षण देतात. त्या शिक्षणात हा प्रसंग असायला हवा.

१९७५ मध्ये स्विसएड या संस्थेच्या मदतीने हेमलकशाला छोटे रुग्णालय बांधता आले. पुढच्या वर्षी आश्रमशाळा सुरू झाली. त्या शाळेत शिकलेली माडिया मुले पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक झाली. रेलाच्या गाण्यांवर फेर धरून नाचणे त्यांनी सोडले नाही, आणि ते सोडावे असे शाळेनेही कधी म्हटले नाही. १९९५ साली मोनॅको या युरोपातल्या चिमुकल्या राज्याने प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांच्या सन्मानार्थ टपाल तिकीट काढले. पोस्टाचे तिकीट हे राष्ट्राचे चिन्ह असते. कुणाचे चित्र छापायचे हा त्या राज्याचा निर्णय असतो आणि त्यातून ते जगाला काही सांगत असते. दोन चौरस किलोमीटरच्या एका राज्याने इंद्रावतीच्या काठच्या दवाखान्याची दखल घेतली. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या किती शाळकरी मुलांना नकाशावर भामरागड दाखवता आले असते, हा प्रश्न मला आजही छळतो.

आता १९८५ हे वर्ष पाहू. त्या वर्षी भारत सरकारने अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये भारत महोत्सव सुरू केले. त्याआधी १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये तो झाला होता, नंतर १९८७ मध्ये सोव्हिएत संघात झाला. सांस्कृतिक मुत्सद्देगिरीचा आपल्या देशाने केलेला हा सर्वांत मोठा प्रयत्न. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत राजीव सेठी यांनी मांडलेल्या प्रदर्शनात डोंबारी, कठपुतळीवाले, जादूगार, कुंभार, बहुरूपी अशी मंडळी थेट लोकांसमोर आपली कला सादर करत होती. अमेरिकन माणसे रांगा लावून पाहत होती. त्यांपैकी अनेक कलावंत दिल्लीच्या शादीपूरच्या झोपडवस्तीत राहत होते आणि आपल्याच देशात भीक मागण्याविरुद्धच्या कायद्याखाली पकडले जाण्याची टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर होती. तिकडे देशाचे प्रतिनिधी, इकडे भिकारी. महोत्सव भव्य झाला यात शंका नाही आणि त्यामागच्या लोकांची तळमळही खरी होती. पण शेजाऱ्याने आपल्या कलावंताकडे कसे पाहावे, हे काम त्या महोत्सवाच्या कक्षेत नव्हते.

त्याच १९८५ च्या २४ डिसेंबरला कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ सायकल यात्रा निघाली. पंजाब पेटलेला होता. ११६ तरुण-तरुणी सायकलींवर, आणि पाठीच्या मणक्याच्या दुखण्यामुळे बसू न शकणारे एकाहत्तर वर्षांचे बाबा गाडीत आडवे पडून त्यांच्यासोबत. काश्मीरपर्यंतचे अंतर ५,०४२ किलोमीटर. १९८८ मध्ये दुसरी यात्रा अरुणाचलातल्या इटानगरहून गुजरातच्या ओखापर्यंत गेली, ७,५४६ किलोमीटर. महोत्सवाने देशाची कला परदेशी नेली, यात्रेने देश देशाला दाखवला. मराठी मुलगी तमिळ घरात जेवली, केरळचा मुलगा पंजाबच्या गुरुद्वारात राहिला. पहिल्या यात्रेच्या वर्षीच, १९८५ मध्ये, बाबांना मनिलाचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८३ मध्ये अमेरिकेतला डेमियन-डटन पुरस्कार मिळाला होता. १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार आणि १९९० मध्ये ऑस्ट्रेलियन जीवशास्त्रज्ञ चार्ल्स बर्च यांच्यासोबत टेम्पलटन पुरस्कार मिळाला. २००८ मध्ये प्रकाशभाऊ आणि मंदाताईंनाही मॅगसेसे मिळाला. हे सन्मान संस्थेला मोलाचे होते, त्यातला पैसा कामात गेला. तरी माझे मत असे की पुरस्कार म्हणजे एका माणसाने दुसऱ्या देशातून घेतलेला निरोप. शिबिरात शंभर माणसे शंभर माणसांना भेटतात. इतिहासाने शिबिराला जास्त जागा द्यावी.

कुष्ठरोगाचा प्रश्न राष्ट्राराष्ट्रांतल्या व्यवहाराचा भाग कसा झाला, याचे जपान हे उत्तम उदाहरण आहे. जपानी लोकांच्या देणगीतून आणि डॉक्टरांच्या श्रमातून आग्र्याला जालमा ही कुष्ठरोग संस्था उभी राहिली आणि १९७६ मध्ये ती भारत सरकारच्या स्वाधीन झाली. खुद्द जपानमध्ये मात्र रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याचा कायदा १९९६ पर्यंत चालू होता. आपल्या घरातली ही जखम जपानने मान्य केली आणि नंतर कुष्ठरुग्णांचे हक्क हा आपल्या परराष्ट्र धोरणाचाच एक भाग केला. योहेई ससाकावा यांना जपान सरकारने त्यासाठी सद्भावना दूत नेमले. जपानच्या पुढाकाराने डिसेंबर २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने कुष्ठरुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांविषयीचा भेदभाव संपवण्याची तत्त्वे मान्य केली. आपल्याकडे १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहणार नाही ही दुरुस्ती २०१९ मध्ये आली. आनंदवनातल्या जोडप्यांनी तोवर त्या माळावर नातवंडे पाहिली होती. आणि अजूनही काही देशांच्या प्रवेशविषयक कायद्यांत कुष्ठरोगाचे नाव प्रवेश नाकारण्याच्या कारणांत आहे. आनंदवनात जगभरचे पाहुणे येऊ शकले, पण आनंदवनाचा माणूस जगात सगळीकडे पाहुणा म्हणून जाऊ शकत नाही. परराष्ट्र खात्याने उचलावा असा हा विषय आहे आणि तो उचलून धरण्याचा अधिकार भारताइतका दुसऱ्या कुणाला नाही.

कलेचे म्हणाल तर आनंदवनात ती पहिल्यापासून होती. साठच्या दशकात मित्रमेळावे भरू लागले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे येत, लेखक येत, मोठमोठे गायक येत, आणि पुण्या-मुंबईचे रसिक कुष्ठरुग्णांच्या शेजारी सतरंजीवर बसून ऐकत. गाणे ऐकताना माणूस शेजाऱ्यापासून अंग चोरत नाही. बाबा स्वतः कवी होते, ‘ज्वाला आणि फुले’ हा त्यांचा संग्रह महाराष्ट्राने वाचला आहे. पण खरा पालट झाला तो २००२ मध्ये, बाबांचे थोरले चिरंजीव डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद सुरू झाला तेव्हा. आजवर आनंदवनातली माणसे श्रोते होती. आता अंध गायक, बरे झालेले कुष्ठरुग्ण, अपंग वादक आणि इशाऱ्यांवरून ताल पकडून नाचणारी कर्णबधिर मुले रंगमंचावर उभी राहिली आणि तिकीट काढून आलेले प्रेक्षक खाली बसले.

आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, हे घडावे यात एक संगती आहे. दिवाळीनंतर धान निघाले की वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागतात. शंकरपट, दंडार, रात्रभर चालणारे नाटक. इथला माणूस घोंगडी घेऊन पहाटेपर्यंत बसतो आणि दाद देताना हात आखडत नाही. ज्या मुलखात नाटकासाठी सोयरे बोलावले जातात, तिथल्या माणसाला रंगमंचावरच्या माणसाचा मान कळतो. स्वरानंदवनाचे कलावंत शहरोशहरी गेले तेव्हा हाच मान घेऊन गेले. कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षक त्यांच्या हातात हात देतात. ते हात कसे आहेत हे तेव्हा कुणी पाहत नाही.

बाबा ९ फेब्रुवारी २००८ रोजी गेले, साधनाताई ९ जुलै २०११ रोजी. संस्थेने पंचाहत्तरी ओलांडली आहे. आरंभी विहीर खणणारे हात आता उरलेले नाहीत आणि परदेशी तरुणांसोबत घमेली उचलणाऱ्यांतलेही फार थोडे असतील. त्यांच्या आठवणी आत्ताच ध्वनिमुद्रित करायला हव्यात. त्या शिबिरांतून परत गेलेल्या तरुणांनी घरी लिहिलेली पत्रे, काढलेली छायाचित्रे, ठेवलेल्या रोजनिश्या युरोपातल्या कुणाच्या माळ्यावर असतील. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलने आपली जुनी कागदपत्रे स्वित्झर्लंडमध्ये जतन केली आहेत. समितीने तिथे एखादा अभ्यासक पाठवावा आणि तो आनंद निकेतन महाविद्यालयाचा विद्यार्थी असावा. वरोऱ्याचा माळ कुणी कसा पाहिला हे तो तिथल्या कागदांतून उतरवून आणील, आणि वरोऱ्याने त्यांना कसे पाहिले हे इथल्या म्हाताऱ्यांकडून विचारून घेईल. दोन्ही बाजूंच्या नोंदी शेजारी शेजारी छापलेले पुस्तक संस्थेच्या पुढच्या स्मरणिकेआधी तयार होऊ शकते. ज्या वाचकांच्या घरी त्या काळची पत्रे, शिबिरातली छायाचित्रे किंवा मित्रमेळाव्यांची निमंत्रणे असतील, त्यांनी ती, किंवा त्यांच्या प्रती, आनंदवनाकडे पाठवाव्यात.